बेलाच्या गाण्यातली सहा नावं

मंगळवारी सकाळी नेटा दारात येऊन जे बोलून गेली, त्याने एल्स्पेट स्लेटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि शुक्रवारची संध्याकाळ आली तरी ती उतरायचं नाव घेईना.

नेटा आत आलीच नव्हती, यातच काय ते समजायचं. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या या क्रेगहेवनमध्ये चांगलं काही बोलायचं असेल तर माणूस मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात शिरतो आणि चहाची किटली स्वतःच चढवतो. नेटा पुढच्या दारी पायपुसण्यावर उभी राहिली. हातात सोडतीच्या तिकिटांचं पुस्तक होतं, म्हणजे हॉलची सेक्रेटरी म्हणून आली होती, शेजारीण म्हणून नव्हे.

"शुक्रवारी पहिल्या भागात गाशील ना?" तिने विचारलं.

"दर महिन्याला गाते. या महिन्यात काय नवा घसा बसवलाय मी?"

"नाही, गा ना, जरूर गा. फक्त ते गाणं नको. दुसरं काहीतरी बघ. ते या वेळचा पाहुणा, स्ट्रुअन, गाणार आहे. पोस्टरवर छापलंसुद्धा."

एल्स्पेटला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने दार लावून घेतलं. मग दिवसभर घरातली भांडी घासली, घासायची नव्हती तीसुद्धा.

आता सांगा, राग यायचा नाही तर काय यायचं? बंदरावरच्या त्या हॉलमध्ये दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी गाणं होतं. आधी गावातले चारपाच जण गातात, मग बाहेरून बोलावलेला पाहुणा. आणि तिथं एक रीत आहे. ज्याचं गाणं त्याचं. तो खोलीत बसलेला असताना दुसऱ्याने त्या गाण्याला हात लावायचा नाही. पाववाल्याच्या विधवेला न्यूमोनिया झाला त्या हिवाळ्यात तर ती खोलीत नसतानासुद्धा तिचं हेरिंग माशांचं गाणं चार महिने कुणी म्हटलं नाही; ती बरी होऊन आली तेव्हाच ते परत ऐकू आलं. ही रीत कुठे लिहून ठेवलेली नाही. लिहायची वेळच कधी आली नव्हती.

आणि एल्स्पेटचं गाणं म्हणजे 'ऑलिव लीफ' बोटीचं गाणं. अडतीस वर्षं ती ते म्हणत होती. तिच्याआधी तिची आई, बेला.

एल्स्पेट काही मोठी गायिका वगैरे नव्हे. एकेचाळीस वर्षं तिने मासळीच्या कारखान्यात काढली. बर्फाच्या पाण्यात हात घालून हॅडॉकचा काटा काढायचा, मांस सोडवायचं, पुढचा मासा घ्यायचा. उजव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत. जिभेला मात्र काही झालेलं नाही. फोरमनपासून पाद्रीबाबापर्यंत तिने कुणाला सोडलं नाही. लग्न केलं नाही, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे गावात अर्धे पुरुष स्लेटर आणि उरलेले बावळट. गातानासुद्धा ती नटत नाही. हात बाजूला सोडून, लोकांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत उभी राहते आणि गाणं जसं आहे तसं ठेवून देते.

'ऑलिव लीफ' बुडाली एकोणीसशे अडुसष्टच्या ऑक्टोबरात. रेडिओवर वादळाचा इशारा दोनदा झाला होता. गावातल्या पाच बोटी बंदरात बांधून ठेवल्या होत्या. सहावी निघाली, कारण तिचा मालक अलेक स्लेटर कुणाचं ऐकणारा नव्हता. त्याच्यासकट सहा जण गेले. एल्स्पेटचा भाऊ डॉड एकोणीस वर्षांचा होता. ती सतरा वर्षांची होती. डॉडचं काहीही परत आलं नाही, साधा बूटसुद्धा.

बेलाने त्या हिवाळ्यात गाणं केलं. चार कडवी. तिसऱ्या कडव्यात नुसती सहा नावं, आणि प्रत्येकाच्या मागे त्याचं गावातलं टोपणनाव, कारण नुसतं जॉन स्लेटर म्हटलं तर क्रेगहेवनमध्ये चार दारं उघडतात. त्या कडव्यानंतर कुणी टाळी वाजवत नाही, गाणं संपल्यावरसुद्धा नाही. लोक थोडा वेळ खाली बघतात आणि मग कुणीतरी खुर्ची सरकवतं.

पण हे गाणं बेलाने केलंय, असं गावात कुणी म्हणत नसे. बेलाचं घराणं कडक प्रार्थनेचं. त्यांच्यात गाणी रचणं म्हणजे मिरवणं, आणि मिरवणं म्हणजे पाप. "मी केलं म्हणून सांगशील तर माझ्या तोंडाला काळं फासशील," असं बेलाने लेकीला बजावलं होतं. एल्स्पेटने शब्द पाळला. एरवीही या किनाऱ्यावर स्वतःच्या माणसाचं कौतुक स्वतः करायची पद्धत नाही. पोराला पदक मिळालं तर आई म्हणते, 'बरं केलं म्हणायचं.' सूप अप्रतिम झालं तर म्हणते, 'खाण्यासारखं आहे.'

आणि इथेच एल्स्पेट फसली.

तीन वर्षांपूर्वी स्ट्रुअन तिच्याकडे आला होता. ग्लासगोचा मुलगा, तिशीतला, स्वतः गाणी लिहिणारा, गिटार वाजवणारा. अंगावर कुठल्यातरी आजोबाचं वाटावं असं स्वेटर. जुनी गाणी शोधत किनाऱ्याकिनाऱ्याने फिरत होता. वागायला गोड. बूट दाराबाहेर काढले. धुरी दिलेल्या हॅडॉकचं दुधातलं सूप दोन वाट्या खाल्लं. एल्स्पेटने त्याला गाणं म्हणून दाखवलं, दोनदा, आणि त्याने ते यंत्रात भरून घेतलं.

"मावशी, कुणी केलं हे?" त्याने विचारलं होतं.

"जुनंच आहे काहीतरी. गावाचंच म्हण."

"मी गायलं तर चालेल?"

"गा की. नाही कशाला म्हणू?"

तिच्या मते या 'गा की' मध्ये सगळं आलं. घेतलंस तसंच गायचं, कुणाकडून घेतलं ते सांगायचं, आणि मी खोलीत असेन तर गप्प बसायचं. हे क्रेगहेवनमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत असतं. स्ट्रुअन क्रेगहेवनचा नव्हता. त्याला कुणी सांगितलं नाही, आणि सांगायला हवं हे एल्स्पेटच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

शुक्रवारी ती हॉलवर गेली ती मुद्दाम. घरी बसली असती तर नेटाला रान मोकळं मिळालं असतं. जून महिना, संध्याकाळचे सात वाजलेले, बाहेर भर दुपारसारखं ऊन. हॉल गच्च भरला होता. ॲबर्डीनहून गाड्या करून लोक आले होते, ओळखीचा चेहरा शोधावा लागत होता. तिच्या नेहमीच्या खुर्चीवर कुणाचंतरी जाकीट ठेवलेलं होतं. एल्स्पेटने ते उचलून भिंतीवरच्या हीटरवर टाकलं आणि बसली.

पहिल्या भागात तिचं नाव पुकारलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "आज माझ्याकडे काही नाही." आणि खाली बसली. एवढंच. गावातली चार डोकी वळून बघू लागली. मांसवाला हेन्री शेजारून पुटपुटला, "अगं, काहीतरी म्हणायचं."

"तू म्हण. तुझ्या सॉसेजवर काहीतरी म्हण."

मग स्ट्रुअन आला. चांगला गातो, हे खोटं कशाला बोला. आवाजात मऊपणा होता, गिटारवर हात फिरता होता, मधूनमधून विनोदही करत होता. दोन गाणी त्याची स्वतःची झाली. मग तो जरा खाली वाकून म्हणाला, "हे गाणं याच गावात मला मिळालं. जुनं आहे. कुणी केलं, आज कुणालाच ठाऊक नाही."

एल्स्पेट खुर्चीत पुढे सरकली.

पहिलं कडवं तेच होतं. चाल मात्र त्याने सावकाश केली होती, अंगाई असावी तशी. दुसऱ्या कडव्यानंतर त्याने डोळे मिटून गिटार वाजवायला सुरुवात केली. छान वाजवली. बराच वेळ वाजवली. एल्स्पेट वाट बघत राहिली. गिटार थांबली आणि त्याने चौथं कडवं धरलं.

तिला वाटलं आपल्यालाच ऐकू आलं नाही. तिने हेन्रीकडे बघितलं. हेन्री तोंड हलवत होता. चौथ्या कडव्याची शेवटची ओळ सगळा हॉल त्याच्याबरोबर म्हणत होता, पाहुणेही आणि गावकरीही, आणि हेन्रीही, ज्याचा सख्खा काका त्या सहांतला तिसरा. आणि संपल्यावर टाळ्या. कुणीतरी मागून शिट्टी वाजवली.

नावंच नव्हती. डॉड नव्हता. कुणीच नव्हतं. नुसता समुद्र होता आणि कुणीतरी दुःखी.

मध्यंतर झालं तशी ती उठली आणि लोकांना कोपराने बाजूला करत थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तो तिला बघून खरंच आनंदला होता.

"मावशी! बरं झालं आलात. कसं वाटलं?"

"माझा भाऊ कुठंय?"

त्याचा चेहरा उतरला. "काय?"

"तिसरं कडवं. माझ्या भावाला एकदा समुद्राने नेलं. आता तू त्याला गाण्यातूनही बाहेर फेकलंस. कशासाठी? गिटार वाजवायला जागा हवी होती म्हणून?"

"नाही हो मावशी, तसं नाही. मला ते कडवं ठेवायचंच होतं." तो गोंधळून इकडे तिकडे बघू लागला. "तुम्हीच म्हणालात ना, गाणं गावाचं आहे? म्हणून रेकॉर्ड करायच्या आधी मी गावाला विचारलं. हॉलवर फोन केला. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, नावांमुळे काही घरांना त्रास होतो, तेवढं कडवं गाळा. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

त्याला बोलण्यात काही अर्थ नव्हता. ती वळली आणि हॉलच्या स्वयंपाकघरात गेली.

नेटा चहाच्या मोठ्या पिंपापाशी कप भरत होती. बाकीच्या दोघी बायका एल्स्पेटचं तोंड बघून ट्रे घेऊन बाहेर सटकल्या. नेटा म्हणजे अलेक स्लेटरची मुलगी. बाप गेला तेव्हा नऊ वर्षांची होती. सगळं आयुष्य याच गावात, याच हॉलमध्ये बिस्किटं मांडत गेलं होतं तिचं.

"तू गाळायला सांगितलंस."

"हो."

"लाज नाही वाटत? तुझ्या बापाचं नाव आहे म्हणून बाकीच्या पाचांना पुसून टाकलंस? त्याने पाच जणांना नेऊन बुडवलं ते पुरलं नाही होय तुम्हाला?"

नेटाने तोटी बंद केली. एल्स्पेटला वाटलं होतं ती रडेल. रडली असती तर बरं झालं असतं.

"घे, बोललीस एकदाची," नेटा म्हणाली. "अडतीस वर्षं गाऊन सांगत होतीस, आज तोंडाने बोललीस."

"मी काय गाऊन सांगत होते? जे आहे ते गात होते. आईने जसं केलं तसं."

"तुझ्या आईने तसं केलेलं नाही."

"तुला काय माहीत माझ्या आईने काय केलं?"

"मला माहीत आहे, कारण ते गाणं तिने सगळ्यात आधी आमच्या घरी म्हटलं. त्याच हिवाळ्यात. मागच्या दाराने आली, दार लावलं, आणि माझ्या आईला म्हणाली, मी एक गाणं केलंय, त्यात अलेकचं नाव घातलंय, तू नको म्हणालीस तर मी ते गाणार नाही. मी टेबलाखाली बसले होते. तिने म्हटलं. सहा नावं एका दमात, एकामागून एक, पोरांना जेवायला हाक मारतात ना, तशी. माझी आई म्हणाली, राहू दे. गावात आमच्या दारी तोपर्यंत कुणी फिरकत नव्हतं, एल्स्पेट. दुकानात आईला कुणी वळून बघत नव्हतं. तुझी आई आली."

हे एल्स्पेटला कुणी सांगितलं नव्हतं. आईने तर नाहीच.

"आणि तू काय करतेस?" नेटाचा आवाज आता चढला. "पाच नावं म्हणतेस आणि थांबतेस. चांगला लांब श्वास घेतेस. सगळा हॉल थांबतो. मग माझ्या बापाचं नाव. एकटं. दर महिन्याला मी इथं दारात ट्रे घेऊन उभी असते आणि दर महिन्याला सगळी डोकी माझ्याकडे वळतात. त्या पोराने फोन केला तेव्हा मला वाटलं, निदान एक तरी माणूस असा असू दे जो हे गाणं म्हणेल आणि माझ्याकडे बोट दाखवणार नाही."

"श्वास चालीतच आहे."

"चालीत नाही. तो तुझा आहे."

एल्स्पेटला सणसणीत काहीतरी बोलायचं होतं. पण तिने मनात कडवं म्हणून बघितलं, आईच्या आवाजात, आणि पाचव्या नावापाशी आई थांबली नाही. किती वर्षांपूर्वी आपण थांबायला लागलो, हे तिला आठवेना. त्या ग्लासगोच्या पोराला गाणं बदललंस म्हणून धरायला निघाली होती ती. तिचा संताप आता कुठे जाईल ते तिलाच कळेना. अलेकवर होता, नेटावर होता, आणि आता स्वतःवरही आला होता, आणि कुठलाच कमी होत नव्हता.

बाहेर सोडत निघाली. शॉर्टब्रेड बिस्किटांचा डबा ॲबर्डीनच्या बाईला लागला. स्ट्रुअन परत उभा राहिला, पण त्याने गिटार घेतली नाही. तो म्हणाला, "मघाशी मी एक गाणं अर्धवट म्हटलं, आणि माझ्या समोर ते पूर्ण म्हणणारं माणूस बसलं होतं. मला इथली रीत माहीत नव्हती. एल्स्पेट मावशी, तुम्ही म्हणाल का?"

हॉल वळला. एल्स्पेट स्वयंपाकघराच्या दारातून तशीच पुढे गेली. जाता जाता त्याला म्हणाली, "बस खाली."

मग ती लोकांसमोर उभी राहिली, हात बाजूला सोडून.

"याने सांगितलं की गाणं कुणी केलं ते कुणाला ठाऊक नाही," ती म्हणाली. "चूक त्याची नाही, मीच खोटं सांगितलं. बेला स्लेटरने केलं. माझ्या आईने. तिला हे आवडलं नसतं. पण तिला विचारायची सोय नाही."

तिने सुरुवात केली. मऊपणा बिऊपणा काही नव्हता त्यात. आवाज वरच्या पट्टीत फाटत होता. पहिलं कडवं, दुसरं कडवं. तिसऱ्याच्या आधी तिने छातीत मावेल तेवढी हवा भरली. सहाच्या सहा एका दमात म्हणायची, आईसारखी, हे तिने ठरवलं होतं.

डॉड स्लेटर, पम. विल्यम स्लेटर, शेवी. जॉन स्लेटर, डोसी. जॉन फिनले, लँग. जोसेफ स्लेटर, किट.

आणि हवा संपली.

आई हे गात होती तेव्हा पन्नाशीच्या आतली होती. एल्स्पेट अडुसष्टची होती, आणि एकेचाळीस वर्षं बर्फाच्या खोलीत काढलेली छाती होती तिची. आता श्वास घेतला की तीच जागा, तेच थांबणं, आणि नेटाकडे तेच बोट. ती तोंड मिटून उभी राहिली. श्वास घेईना आणि गाईना. लोक वाट बघत होते. हेन्रीने मान खाली घातली. एकेक डोकं स्वयंपाकघराच्या दाराकडे वळू लागलं.

"म्हण ना," नेटा म्हणाली. ती दारात उभी होती, खांद्यावर भांडी पुसायचं फडकं, चेहरा लालबुंद. "माझ्या बापाचं नाव आहे ते. आज गाळलंस तर याद राख."

एल्स्पेटने श्वास घेतला. एरवी ती मागच्या भिंतीकडे बघायची. या वेळी तिने नेटाकडे बघितलं.

अलेक स्लेटर, बोडी.

चौथं कडवं तिने कसंबसं संपवलं. ॲबर्डीनच्या एकदोघांनी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि आजूबाजूला बघून परत मांडीवर ठेवले. कुणीतरी खुर्ची सरकवली.

एल्स्पेट आपल्या जागेवर गेली नाही. ती स्वयंपाकघरात आली. नेटा पाठ करून उभी होती आणि नळाखाली कप विसळत होती, जरा जोरातच.

"अलेकने मारलं त्यांना," एल्स्पेट म्हणाली.

"माहीत आहे मला," नेटा म्हणाली. "नऊ वर्षांची होते तेव्हापासून माहीत आहे. फडकं घे आणि पूस."

एल्स्पेटने तिच्या खांद्यावरचं फडकं ओढून घेतलं आणि पहिला कप उचलला.